बसची कंबर

१

मर्विनच्या शाळेच्या बसची कंबर मोडली ती भुईगावच्या वळणाच्या जरा अलीकडे, पोरांनी भरलेली असताना.

मोडली म्हणजे अक्षरशः मोडली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची चाकं रस्त्यावर आणि मधला भाग बसलेल्या म्हशीसारखा डांबराला टेकलेला. दार अडकलं, म्हणून मर्विनने मागची काच फोडून एकेक पोर बाहेर काढलं. कुणाचा ओठ फुटला, कुणाचं कोपर सोललं. संपदाच्या लेकीचा, उन्नतीचा, हलता दात पडला. तो तसाही आठवडाभरात पडणारच होता, पण दाताऐवजी डोकंही फुटू शकलं असतं, हे संपदाला कुणी सांगावं लागलं नाही. तिने तो दात रुमालात बांधून पर्समध्ये टाकला आणि पुढे कित्येक दिवस तिथेच ठेवला.

निलगिरी सोसायटीने मात्र दातांची वगैरे काळजी केली नाही. सोसायटीने मेसेज केले. सेक्रेटरी आत्माराम खानविलकर यांनी जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लावून लिहिलं, ‘सर्व पालकांनी शांतता राखावी. आपली बस सोमवारपासून सेवेत हजर आहे.’ आपली म्हणजे त्यांची स्वतःची. दिवाळीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस शाळेला लावली होती आणि ती बस म्हणजे समाजसेवा आहे, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. तिसऱ्या मजल्यावरच्या वसुंधराने लिहिलं, ‘मी आधीच म्हणाले होते.’ ती आधी काहीच म्हणाली नव्हती. तिचा मुलगा दोन वर्षं मर्विनच्याच बसने जात होता, कारण तो दर महिन्याला शंभर रुपये कमी घेत असे.

पोलिसांनी सांगितलं, जास्त पोरं भरली, बेफाम चालवली. मर्विनचा परवाना काढून घेतला. पेपरात चार ओळी आल्या. प्रकरण मिटलं.

संपदाचं मिटेना. तिने बी.एस्सी. फिजिक्स केलं होतं आणि त्या पदवीचा घरात आजवर एकच उपयोग झाला होता, तो म्हणजे मिक्सर बिघडला की नवरा म्हणायचा, “तू बघ, तू सायन्सवाली.” पण एवढं तिलाही कळत होतं की बेफाम चालवलेली बस उलटते, धडकते, खड्ड्यात जाते. आपल्या जागी, सरळ रस्त्यावर, मधोमध मोडत नाही. मधोमध मोडायला गाडीचा कणा, म्हणजे चासी, सडलेली असावी लागते.

आणि मर्विनने तर चासी गणपतीच्या आधी नवीकोरी बसवली होती. त्याचे पेढे त्याने स्वतः बसच्या दारात पोरांना वाटले होते. उन्नतीने दोन खाल्ले होते.

मग चार महिन्यांत त्या नव्याकोऱ्या लोखंडाला म्हातारपण आलं कसं?

२

मर्विनची केळीची वाडी भुईगावात, किनाऱ्याकडे जाणाऱ्या चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला. पंचनामा झाल्यावर बस ओढून तिथेच आणून ठेवली होती, केळींच्या कडेला, ताडपत्रीखाली. मर्विन पायरीवर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ती बावळट शांतता होती जी संपदाला पुरुषांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चीड आणत असे.

“देव बघेल, ताई,” तो म्हणाला.

“देव काय बघेल? तुम्ही बघितलं का, गाडीखाली वाकून?”

“गॅरेजवाल्याने काम केलं, आरटीओने पास केली. मी वाकून काय बघणार?”

“तुम्ही गाडी चालवता!”

“चालवतो वरून,” मर्विन म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं. त्याने मान खाली घातली.

त्याची आई अँजेलिना आतून चहा घेऊन आली. मुलाशी ती त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलली. संपदाला त्यातलं अर्धंच कळलं, पण सूर ओळखीचा होता. संपदा आपल्या नवऱ्याशी त्याच सुरात बोलत असे.

“नियम काय आहे हो, चासी बदलायचा?” संपदाने विचारलं.

हे मात्र मर्विनला पाठ होतं. चासी मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. आधी आरटीओची परवानगी काढायची. मग नवी चासी कंपनीची, बिलासकट घ्यायची. गॅरेजमध्ये बसची वरची बॉडी उचलून नव्या चासीवर बसवायची. मग गाडी तपासणीला न्यायची. आरटीओचे साहेब चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, ठसा घेतात, बिलाशी जुळवतात आणि मग आरसी बुकात जुना नंबर जाऊन नवा येतो. जुनी चासी कापून टाकायची, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जाऊ नये.

“मी सगळं केलं, ताई. आईचं सोनं गहाण टाकून केलं. नवी चासी ट्रकवरून उतरताना मी उभा होतो सातिवलीला. कायदेशीर काम.”

“सातिवलीला कुणाकडे?”

“संग्रामच्या गॅरेजमध्ये. खानविलकर साहेबांनी जागा सांगितली. कागदाचं पण त्यांनीच बघितलं, त्यांची ओळख आहे. मला म्हणाले, तू मधेमधे येऊ नको, काम झालं की फोन करतो.”

खानविलकरांची ओळख सगळीकडे होती. पाण्याच्या टँकरवाल्याकडे होती, लिफ्टवाल्याकडे होती. त्या ओळखींमुळे पाणी कधी आलं नाही आणि लिफ्ट कधी दुरुस्त झाली नाही, पण ओळख होती.

संपदाने ताडपत्री उचलली आणि सलवार गुडघ्याशी धरून खाली वाकली. चासी वरून काळीभोर, तुकतुकीत. मोडल्या जागी मात्र आतलं लोखंड उघडं पडलं होतं आणि ते पापडासारखं पदरापदराने सुटत होतं. बोटाने दाबलं तर भुगा हाताला लागला. नंबर होता, नीट दिसत होता. पण त्याचे आकडे एका रांगेत नव्हते. एक वर, एक खाली, एक तिरका. उन्नती पहिलीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात असेच आकडे काढत होती.

“पोलिसांनी नंबर बघितला?”

“बघितला. आरसी बुकाशी बरोबर जुळला,” मर्विन म्हणाला. “म्हणूनच तर म्हणतात, चासी नवी होती, तूच वाट लावलीस.”

नियमाला नंबर कळतो, लोखंड कळत नाही, संपदाच्या मनात आलं.

“चासी बदलली म्हणून फादर आले होते आमच्याकडे,” अँजेलिना मध्येच म्हणाली. “पुन्हा गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. पण आमच्या ह्यांनी लावलेलं मेडल गेलं ना. व्हॅलेरियननं गाडी नवी आणली तेव्हा चासीच्या आत, ड्रायव्हरच्या पाठीमागे, वेलंकनी मातेचं मेडल बसवलं होतं. चर्चमधल्या मेणबत्तीच्या मेणाने चिकटवलं नि वरून लांबी भरली, रंगाआधी लावतात ती पुट्टी. मी संग्रामला म्हटलं, जुनी चासी काप, पण तेवढं मेडल काढून दे. तर म्हणाला, ते कधीच गंजून पडलं, आजी.”

नवऱ्याची आठवण काढून ती रडली नाही. तिने फक्त कपातला चहा संपवला.

“मी दुसरं आणून देते, आंटी,” संपदा म्हणाली, काहीतरी म्हणायचं म्हणून.

“दुसरं नको,” अँजेलिना म्हणाली. “दुसरी मेडलं चर्चच्या दारात पैशाला पासरी मिळतात.”

३

सातिवलीचा रस्ता धुळीचा, दोन्ही बाजूंना पत्र्याचे गाळे. संग्रामचं गॅरेज गल्लीच्या आत होतं आणि संग्राम स्वतः खुर्चीत होता, जाड सोन्याची साखळी घालून, मोबाइलवर क्रिकेट बघत.

उन्नतीला शेजारणीकडे ठेवून संपदा तिथे गेली ती खोटं बोलायच्या पूर्ण तयारीने. “माझ्या दिरांचा टेंपो आहे चांदीपला. चासी गेलीय. तुम्ही बदलून देता का?”

“टेंपो, बस, सगळं,” संग्राम म्हणाला. मग बाईमाणसापुढे मोठेपणा मारायचा मोह त्याला आवरेना. “पण मॅडम, चासीचं काम म्हणजे येरागबाळ्याचं नाय. वर्षात एखादं येतं. ह्या वर्षी एकच केलं, त्या भुईगावच्या मर्विनचं. ऐकलं असेल तुम्ही. आम्ही नवीकोरी बसवून दिली, त्याने पोरं कोंबून मोडली. पाखरू दिलं हातात, याने बैल समजून जुंपलं.”

“बाई गं. आणि ती जुनी चासी काय केली? माझे दीर म्हणत होते, जुनी भंगारात विकून थोडे पैसे सुटतात.”

“छे! नियमात बसत नाय. मर्विनची मी लगेच कापली, गणपतीच्या आधी पासिंग झालं त्याच दिवशी. तुकडे करून भंगारवाल्याला. आपलं काम चोख.”

संपदाने मान डोलावली आणि इकडेतिकडे पाहिलं. इकडेतिकडे पाहणं हा तिचा स्वभाव होता. बागेत गेली तर झोपाळ्याचे बोल्ट बघायची, हॉटेलात गेली तर पंख्याचा दांडा. नवरा यावरून तिची चेष्टा करायचा. आता तिला दिसलं ते असं, की कॉम्प्रेसरवर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून तसाच लटकत होता. वेल्डिंग मशीनवर होता. ड्रिलवर होता. जॅकच्या हँडललासुद्धा एक सुकलेलं फूल दोऱ्याने बांधलेलं होतं. कोपऱ्यात भंगाराचा ढीग होता, गंजक्या पट्ट्या, फुटके डबे, एक इंजिन. त्यावर काहीच नव्हतं. कुत्रं झोपलं होतं.

“दसरा जोरात करता वाटतं,” ती म्हणाली.

“करावाच लागतो. जे वर्षभर कमवून देतं त्याला एक दिवस हात जोडायचे,” संग्राम म्हणाला. आयुष्यात त्याने उच्चारलेलं हे बहुधा एकमेव खरं वाक्य होतं, आणि तेच त्याला नडणार होतं. पण तेव्हा ते दोघांनाही माहीत नव्हतं.

निघताना तिने सहज विचारलं, “खानविलकर साहेबांनी तुमचं नाव सांगितलं. त्यांची बस पण तुमच्याकडेच असते का?”

संग्रामने मोबाइल उलटा ठेवला.

“कोण खानविलकर?”

४

रविवारी सोसायटीच्या गच्चीवर सभा झाली. खानविलकरांनी पांढरा सदरा घातला होता आणि घसा साफ करून बोलले की मुलं म्हणजे देवाघरची फुलं. मग बसच्या भाड्याकडे आले. भाडं मर्विनपेक्षा बरंच जास्त होतं. कुणी कुरकुर केली नाही. आदल्या आठवड्यात ज्यांच्या पोरांना मर्विनने काच फोडून बाहेर काढलं होतं, ते सगळे एकामागून एक नावं देऊ लागले.

“गाडी जुनीच आहे ना पण?” संपदाने विचारलं.

“वहिनी, वरून जुनी,” खानविलकर हसले. “खालून एकदम ठणठणीत. मी स्वतः लक्ष घालतो.”

“खालून ठणठणीत कशी? चासी बदललीत का?”

“बदलायची गरजच काय? मूळचीच आहे. काळजी घेतली की टिकते.” त्यांनी वसुंधराकडे पाहिलं. वसुंधरा हसली. “वहिनी आमच्या फार विचार करतात. एवढं टेन्शन घेतलं तर लेकरू पण भित्रं होतं हो.”

गच्चीवर हशा पिकला. संपदाचा नवरा संकेत आठवड्यातून एकच दिवस घरी असे, तो आज होता आणि तोही त्यांच्यात किंचित हसला. घरी आल्यावर तिने त्याला जे ऐकवलं ते इथे देण्यासारखं नाही.

दुपारी उन्नती झोपली. सोमवार सकाळ पुढ्यात होती. रिक्षाने पाठवायचं तर रोज कोण सोबत जाणार, नाही पाठवायचं तर शाळा बुडणार, आणि खानविलकरांच्या बसमध्ये बसवायला तिचं मन घेत नव्हतं. का घेत नव्हतं, ते तिला धड सांगता येत नव्हतं. खानविलकरांचा तिटकारा म्हणजे काही पुरावा नव्हे, एवढी ती प्रामाणिक होती.

फोनने कुरकुर केली की मेमरी भरली. ती दर महिन्याला जे करायची तेच करायला बसली. खानविलकरांनी पाठवलेल्या शुभेच्छा पुसायच्या. त्यांनी ग्रुपवर काय पाठवलं नव्हतं? सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा, प्रत्येक सणाला स्वतःचा फोटो. नवरात्रात देवीपुढे खानविलकर. दिवाळीत पणतीपुढे खानविलकर. दसऱ्याला…

तिचा अंगठा थांबला.

दसऱ्याला हात जोडलेले खानविलकर, पत्र्याच्या गाळ्यात. वर लिहिलेलं, ‘शस्त्र आणि यंत्र यांना वंदन.’ मागे ओळखीचा कॉम्प्रेसर. शेजारी संग्राम, साखळीसकट. आणि दोघांच्या पायाशी, विटांवर आडवी ठेवलेली, काळी, सरळसोट, लांबलचक चासी. तिच्या दोन्ही टोकांना झेंडूचे टपोरे हार, मध्ये हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ.

संपदा उठली आणि झोपलेल्या उन्नतीच्या अंगावरचं पांघरूण उगीचच नीट केलं. मग परत बसली आणि फोटो पुसण्याऐवजी तीन जणांना पाठवून ठेवला, न जाणो.

५

आरटीओच्या एक निरीक्षक, कडक आवाजाच्या साळवी मॅडम, सोमवारी सकाळी मर्विनच्या वाडीत मोडलेली बस पुन्हा तपासायला यायच्या होत्या. संग्रामला जबाबासाठी बोलावलं होतं. खानविलकर पालकांचे प्रतिनिधी म्हणून आपणहून आले, पांढऱ्या सदऱ्यात, स्वतःच्या बसने. पोरांना शाळेत सोडून बस तशीच आणली होती. उन्नती त्या पोरांत नव्हती. ती आजारी आहे असं संपदाने कळवलं होतं आणि ती अँजेलिनाच्या ओट्यावर बसून केळं खात होती.

“नंबर जुळतोय,” साळवी मॅडम वाकून म्हणाल्या. “आकड्यांचं पंचिंग जरा वेडंवाकडं वाटतंय. पण नंबर तोच.”

“मग झालं तर,” खानविलकर म्हणाले. “मर्विनबद्दल आम्हाला वाईट वाटतं. गरीब माणूस आहे. पण मुलांच्या जिवाशी…”

“एक विचारू का?” संपदा म्हणाली.

“विचारा वहिनी, विचारा. तुम्ही विचारल्याशिवाय कुठे काय होतं!”

तिने फोन पुढे केला. “हा फोटो तुमचाच ना?”

खानविलकरांनी पाहिला आणि छाती फुगली. स्वतःचा फोटो पाहून त्यांची छाती नेहमीच फुगायची, त्याला विचार करायला वेळ लागत नसे. “दसऱ्याचा. संग्राम आपला जुना मित्र. दरवर्षी बोलावतो पूजेला.”

“परवा तर संग्राम म्हणाले, कोण खानविलकर.”

संग्रामने संपदाकडे नीट पाहिलं आणि टेंपोवाल्या दिरांची वहिनी त्याच्या ध्यानात आली. खानविलकरांनी संग्रामकडे पाहिलं. संग्राम मग केळीकडे पाहू लागला.

“बरं. आणि ही पायाशी चासी कुणाची?”

खानविलकरांची जीभ त्यांच्या डोक्याच्या पुढे धावायची सवय सुटली नव्हती. “ती? ती मर्विनचीच, जुनी. कापायची राहिली होती.”

“संग्राम तर म्हणाले, गणपतीच्या आधी पासिंगच्या दिवशीच कापली.”

“राहिली असेल हो, एखादे वेळी,” संग्राम पुटपुटला. “कामाच्या गडबडीत…”

“असू दे, राहिली असेल,” संपदा म्हणाली. तिचा आवाज मिक्सर दुरुस्त करतानाचा होता. “पण तुम्ही मला काय म्हणालात? जे वर्षभर कमवून देतं त्याला हात जोडायचे. तुमच्या गॅरेजमध्ये जॅकच्या हँडललासुद्धा फूल आहे. भंगाराच्या ढिगावर एक पाकळी नाही. मग कापायला टाकलेल्या, गंजलेल्या चासीला दोन-दोन हार? हळदकुंकू? भंगारापुढे नारळ कोण फोडतं, मॅडम? कुणी बघितलंय?”

साळवी मॅडमनी फोन हातात घेतला आणि फोटो मोठा केला.

“म्हणजे ती नवी होती,” मर्विन पायरीवरून उठत म्हणाला. त्याला कळायला एवढा वेळ लागला याबद्दल संपदाने त्याला मनोमन माफ केलं नाही. “माझी नवी चासी. दसऱ्याला अजून गॅरेजमध्येच होती? पण माझी बस तर गणपतीच्या आधीच पास झाली. मग मी चालवत होतो ते काय?”

“जुनीच,” संपदा म्हणाली. “हीच. घासूनपुसून, पट्ट्या जोडून काळा रंग मारलेली. तुमचा जुना नंबर घासून काढला, नव्या चासीचा नंबर हाताने ठोकला. पासिंगला नंबर जुळणार, कारण नंबर खराच होता. खोटं होतं ते लोखंड.”

“वाट्टेल ते!” खानविलकर ओरडले. “पुरावा काय? फोटोतली चासी कुणाचीही असेल! दुसऱ्या गिऱ्हाइकाची!”

“ह्या वर्षी एकच चासीचं काम आलं, हे संग्रामनी फुशारकी मारत सांगितलंय. आणि दुसऱ्याच्या वस्तूपुढे तुम्ही नारळ फोडाल? तुम्ही? सोसायटीच्या सत्यनारायणाला खडीसाखर आणताना बिल मागणारे?”

मर्विनला हसू आवरलं नाही. खानविलकरांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“माझ्या अनुभवात,” साळवी मॅडम सावकाश म्हणाल्या, “पूजेवरून चासी ओळखली असं कोर्टात चालणार नाही. लोखंड जुनं आहे हे दिसतंय. पण हे लोखंड ह्याच बसचं मूळचं आहे, हे कशावरून?”

संग्रामच्या चेहऱ्यावर थोडं रक्त परत आलं.

संपदा ओट्याकडे वळली. “आंटी, जरा येता? तुम्ही बघा. तुमच्या हाताने.”

अँजेलिना आली. काय करायचं ते तिला सांगावं लागलं नाही. पदर कमरेला खोचून ती बसच्या कुशीत, ड्रायव्हरच्या जागेच्या मागे, गुडघ्यावर बसली. चासीच्या आतल्या बाजूला हात घातला. चाचपत चाचपत तिचा हात पुढे गेला आणि थांबला.

“इथे गाठ आहे,” ती म्हणाली.

घराची किल्ली घेऊन तिने ती गाठ खरवडली. काळा रंग निघाला. त्याखाली पांढरी लांबी. लांबी ढेकळासारखी सुटली, त्याखाली पिवळट मेण. आणि मेणातून, बोटाच्या पेराएवढी, काळवंडलेली वेलंकनी माता अँजेलिनाच्या तळहातावर आली.

संग्रामने ती गाठ गंजाचा फुगवटा समजून तिच्यावर रंगाचा हात मारला होता. वाकून बघायची तसदी त्यानेही घेतली नव्हती. त्या बसच्या बाबतीत वाकून बघायचं काम सगळ्यांनी एकमेकांवर सोडलं होतं.

“गंजून पडलं म्हणालास ना मला?” अँजेलिना संग्रामला म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. “आजी म्हणून हाक मारून म्हणालास.”

संग्रामने खानविलकरांकडे बोट दाखवलं. फार वेळ लागला नाही. असली दोस्ती पहिल्या फटक्यात गळते. “यांनी सांगितलं, मॅडम! यांच्या बसची चासी सडली होती. नवी घ्यायची तर बिल स्वतःच्या नावाने लागतं, परवानगी लागते, पैसे लागतात. हे म्हणाले, मर्विन कधी खाली वाकत नाही. त्याची नवी माझ्या गाडीखाली घाल, त्याला त्याचीच रंगवून दे.”

“आणि माझी बस मोडली की पोरंही तुमच्याच बसमध्ये,” मर्विन म्हणाला. या वेळी तो शांत नव्हता.

साळवी मॅडम वाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या खानविलकरांच्या बसकडे गेल्या आणि टॉर्च घेऊन खाली वाकल्या. बराच वेळ त्यांचे फक्त बूट दिसत होते.

“वरून म्हातारी, खालून तरणी,” त्या आतूनच म्हणाल्या. “नंबराची जागा ग्राइंडरने घासलीय. खड्डा पडलाय चांगला. मर्विन, तुमचं बिल घेऊन या.”

खानविलकर संपदाजवळ आले. त्यांचा आवाज खाली आला होता. “वहिनी, तुमचं काय जात होतं? आमच्या गाडीची चासी तर नवी होती ना? तुमची मुलगी तर सुरक्षितच गेली असती.”

संपदाने पर्समधला रुमाल काढला आणि सोडला. दात छोटा होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तिने तो त्यांच्यासमोर धरला.

६

ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सूर्योदय आला नाही. त्यानंतरही आला नाही. वसुंधराने लिहिलं, ‘मला त्या माणसाचा पहिल्यापासून संशय होता.’ त्याला सोळा अंगठे आले. संकेत घरी आल्यावर म्हणाला, “तू म्हणजे कमालच केलीस.” त्यावर संपदा म्हणाली, “तू गच्चीवर हसला होतास.” तो मग भांडी घासायला गेला.

मर्विनचा परवाना परत मिळाला. ती नवी चासी सुटायला वेळ लागणार होता, कोर्टाचं काम. तोवर शाळेने विरारहून एक भाड्याची बस लावली आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून मर्विनलाच ठेवलं. अँजेलिनाने ते जुनं मेडल साबणाने धुऊन घरात ठेवून घेतलं. भाड्याच्या बसला ते लावायला तिने साफ नकार दिला. दुसऱ्याच्या गाडीची जबाबदारी मातेने का घ्यावी, असं तिचं म्हणणं होतं.

पुढे एका सोमवारी सकाळी ती बस निलगिरीच्या गेटशी आली. पोरं, दप्तरं, डबे, आया. उन्नती पायरीवर पाय ठेवणार तोच संपदाने तिचा हात धरला.

“थांब.”

तिने पर्स उन्नतीच्या हातात दिली, सलवार गुडघ्याशी आवळली आणि सगळ्यांसमोर रस्त्यावर गुडघे टेकून बसखाली वाकली. पट्ट्या पाहिल्या. जोड पाहिले. बोटाने दाबून पाहिलं. मग नंबर पाहिला, एका रांगेत होता. मर्विन खाली उतरला, क्षणभर घुटमळला आणि तोही दुसऱ्या बाजूने वाकला.

“काय ताई, ठीक आहे?” त्याने गाडीखालून विचारलं.

“अजून बघतेय.”

मागे आयांची कुजबुज झाली. मग वसुंधरा पुढे आली आणि संपदाच्या शेजारी तीही खाली वाकली. संपदाने मान वळवून पाहिलं. तिला क्षणभर वाटलं, निदान हिला तरी कळलं.

वसुंधराने फोन आडवा धरला, केस नीट केले आणि बसखाली वाकलेल्या स्वतःचा फोटो काढला.